इस्तंबुलात पाय लांबवून घ्यायचे: 'एकवीस दिवसांत घरी' हे कितपत खरं?

केळीचा_घड

प्रश्न सरळ आहे, उपदेश नको. भाचा, वय २७, उंची १६३ सेंमी, वजन ६८ किलो. दोन्ही मांड्यांची हाडं ६.५ सेंमीने लांबवून घ्यायचं ठरलंय, इस्तंबुलात. हाडाच्या आत चुंबकावर चालणारी नेल, म्हणजे सळई. दलालाच्या पॅकेजात ४ रात्री हॉस्पिटल, १७ रात्री हॉटेल, रोज एकदा फिजिओथेरपी, आणि मग म्हणे "उरलेलं लांबवणं घरी, डॉक्टर व्हिडिओवर बघतील". सोबत ताई जाणार, तिचं वय ५८.

२१ दिवसांनी परतणं शहाणपणाचं आहे का? नसेल तर किती राहायचं आणि का? घर, औषधं, खाणं, व्हिसा यांत काय अडतं? नेमकं माहीत असणाऱ्यांनीच लिहा. "उंचीत काय आहे" यासाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो.

बोरूबहाद्दर

रुमाल टाकून ठेवतो.

हाडांचा_हिशोब

आधी दिवस मोजू. हाड कापल्यावर लगेच ताणत नाहीत, साधारण ५ ते ७ दिवस थांबतात, म्हणजे कापलेल्या जागी कॅलस, म्हणजे कोवळं नवं हाड, धरायला सुरुवात होते. मग मांडीला रोज १ मिमी, तेही एकदम नाही, ०.२५ मिमी असं चार वेळा. म्हणजे २१ व्या दिवशी लांबी वाढली किती? १४ मिमी. ६.५ सेंमीतला जेमतेम पाचवा हिस्सा. दलाल तुम्हाला विमानात बसवतोय ते लग्नातल्या अक्षता पडायच्या आधी.

आता खरा मुद्दा. हाड फारसं कुरकुरत नाही. कुरकुरतात स्नायू, शिरा आणि सांधे. पहिल्या दोन-अडीच सेंमीपर्यंत बहुतेकांचा गुडघा बरा वाकतो, तेव्हा सगळ्यांना वाटतं की जमलं. ३-४ सेंमीनंतर मांडीचा पुढचा स्नायू आणि बाहेरच्या बाजूचा जाड पट्टा ताणून दोरीसारखे होतात. गुडघा वाकेना, जांघ सरळ होईना, कमरेत बाक येतो. अडचणी येतात त्या पाचव्या ते दहाव्या आठवड्यात, आणि पॅकेज संपतं तिसऱ्यात. वेग कमी करायचा की दोन दिवस थांबायचं, हे त्या काळात दर आठवड्याला कोणीतरी पाय हातात घेऊन ठरवावं लागतं. व्हिडिओवर गुडघा किती वाकतो ते दिसतं, पण तो कशामुळे अडतोय ते हाताला कळतं.

७ दिवस थांबणं अधिक ६५ दिवस लांबवणं म्हणजे ७२. मध्ये दोनचारदा वेग उतरवावा लागणारच, म्हणून ८० धरा. त्याआधी परतू नये असं माझं मत.

फिजिओ_सातारा

हिशोबशी सहमत. एक भर घालते. भाच्याला दोन आकडे रोज लिहून ठेवायला सांगा: गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो. लोक वाकण्यामागे धावतात आणि सरळ होणं विसरतात. पूर्ण सरळ न होणारा गुडघा चालताना जास्त छळतो, आणि मांडी लांबवताना तो वाकलेला राहिला तर सांधा मागच्या बाजूला सरकण्याची भीती असते. वाकणं ४५ अंशांच्या खाली उतरलं, तर लांबवणं थांबवा किंवा मंद करा, आणि हे त्याच दिवशी सर्जनला कळवा.

मोजायची पद्धत: गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो, तो न्या. नाहीतर फोन कायम एकाच उंचीवर, गुडघ्याच्या बरोबर बाजूला ठेवून फोटो काढा. वरून किंवा तिरका काढलेला फोटो १० अंशांनी सहज फसवतो.

आणि हात जोडून सांगते, गुडघ्याखाली उशी ठेवू नका. उशीने बरं वाटतं, म्हणून प्रत्येक आई ठेवतेच. त्यात गुडघा आणि जांघ दोन्ही वाकलेल्या अवस्थेत आखडतात. उलट टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा अधांतरी राहू दे, आपल्या वजनाने सरळ होतो. टाच मात्र गुंडाळीच्या पुढे मोकळी असावी, नाहीतर तिथे दाबाची जखम होते. दिवसातून दोन-तीनदा २०-३० मिनिटं पालथं झोपणं, जांघेसाठी. पालथं झोपूनच टॉवेलने पाय मागे ओढून गुडघा वाकवणं. हे दिवसातून तीनदा घरी, आणि त्याशिवाय आठवड्यातून पाच दिवस फिजिओच्या हातून. पॅकेजातलं "रोज एकदा" म्हणजे किती मिनिटं ते विचारा. २० मिनिटं मशीन लावून ठेवणं ही फिजिओथेरपी नाही.

अकोलेकर_भाऊ

इतक्या दूर जाचं काहून म्हन्तो मी? आमच्या अकोल्यात इलिझारोव्हचं, म्हंजे रिंगा लावून हाडं सरळ करायचं, जुनं केंद्र हाय, वाकडे पाय घेऊन बाहेरदेशातून बी लोक येतात. अन् हे तिकडं चालले!

केळीचा_घड

भाऊ, तिथेही विचारून झालं. निव्वळ उंचीसाठी करायला बहुतेक डॉक्टर इथे तयार होत नाहीत. २०१६ च्या हैदराबाद प्रकरणानंतर तर आणखीच.

झेंडूचं_फूल

हैदराबादचं काय झालं होतं?

हाडांचा_हिशोब

विशीतल्या एका तरुणाने घरी न सांगता उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आईवडिलांना कळल्यावर बोभाटा झाला आणि प्रकरण तेलंगणाच्या वैद्यकीय परिषदेपर्यंत गेलं. चीनने तर २००६ मध्येच निव्वळ सौंदर्यासाठी पाय लांबवण्यावर बंदी घातली. वैद्यकीय कारण असेल तर चालतं.

कुर्गानचा_पाहुणा

अवांतर, पण इथे शोभेल. या सगळ्याचं मूळ सायबेरियातल्या कुर्गान गावात. गॅव्हरील इलिझारोव्ह हे १९५० च्या दशकात युद्धात जायबंदी झालेल्यांची न जुळणारी हाडं रिंगांनी आणि ताणलेल्या तारांनी जुळवत होते. असं सांगतात की एका रुग्णाने नट चुकून उलटे फिरवले, हाडाची टोकं दाबली जाण्याऐवजी लांब गेली, आणि मधल्या फटीत नवं हाड तयार झालेलं दिसलं. मॉस्कोच्या बड्या डॉक्टरांनी बराच काळ नाक मुरडलं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा उंच उडीतला सुवर्णविजेता व्हॅलेरी ब्रुमेल मोटारसायकलच्या अपघातात पाय मोडून त्यांच्याकडे आला आणि पुन्हा उड्या मारू लागला, मग त्यांचं नाव सोव्हिएत संघात सगळीकडे झालं.

बोरूबहाद्दर

म्हणजे उंच उडीवाल्यापासून सुरुवात आणि उंच दिसायचंय वाल्यापर्यंत प्रवास.

लोखंडी_पहाट

नेलबद्दल लिहितो, कारण केळीचा_घड यांनी फक्त "चुंबकावर चालणारी" एवढंच म्हटलंय.

नेलच्या आत चुंबक, त्याला जोडलेले गिअर आणि स्क्रू. बाहेरून मांडीवर रिमोट कंट्रोलर धरायचा, त्यातले मोठे चुंबक फिरतात आणि आतला चुंबक त्यांच्याबरोबर फिरतो. ०.२५ मिमीला दोनेक मिनिटं लागतात. यात चुका तीन ठिकाणी होतात. एक, जागा. आतला चुंबक नेमका कुठे आहे ते ऑपरेशननंतर एक्स-रेखाली बघून कातडीवर खूण करतात. ती खूण आंघोळीने पुसते, म्हणून दर दोन दिवसांनी मार्करने गिरवा. दोन, दिशा. कंट्रोलर उलटा धरला तर नेल लांबण्याऐवजी आखडते. पहिले आठ दिवस नर्ससमोर स्वतः करून दाखवा. तीन, अंतर. मांडी जाड असेल किंवा सुजलेली असेल तर चुंबकाची पकड सुटते, यंत्र फिरत राहतं आणि आत काहीच होत नाही. म्हणूनच मशीनच्या आकड्यावर विश्वास नाही, एक्स-रेवर. लांबवण्याच्या काळात दर १० ते १४ दिवसांनी एक्स-रे हवाच.

पॅकेजात कोणती नेल आहे ते मॉडेलच्या नावासकट लिहून घ्या. प्रिसाइस या ब्रँडची टायटॅनियमची नेल पूर्ण वजन पेलत नाही. तिचीच स्टीलची आवृत्ती, स्ट्राइड, पूर्ण वजन पेलते म्हणून गाजली होती. पण तिच्या जोडाजवळ गंज आणि हाडात बदल दिसू लागले आणि २०२१ मध्ये ती बाजारातून परत घेतली गेली. "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीपासून चाला" असं आजही कोणी सांगत असेल तर कोणत्या नेलवर, हे विचारा.

केळीचा_घड

हे दलालाने सांगितलं नव्हतं. वॉकरवर चालता येईल एवढंच म्हणाला.

फिजिओ_सातारा

वॉकरवर चालेल, पण दोन्ही पायांवर एकदम केल्यामुळे चांगल्या पायावर भार टाकून दुसरा वाचवायची सोयच नाही. मोजका भार म्हणजे किती हे शरीराला कळत नाही, शिकवावं लागतं. घरचा वजनकाटा जमिनीवर ठेवा, दोन्ही हात वॉकरवर, एक पाय काट्यावर, आणि सर्जनने सांगितलेल्या किलोपर्यंत हळूहळू भार द्या. दिवसातून दोनदा, आठवडाभर. मर्यादा नेलच्या जाडीवर ठरते, म्हणून शेजारच्या खोलीतल्या पोराचा आकडा आपल्याला लावू नका. जास्त भार पडून नेल वाकली किंवा मोडली तर पुन्हा टेबलावर.

घरातल्या घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. पाय सरळ उचलून ठेवता येतील असे लेगरेस्ट आणि निघणारे हात, या दोन गोष्टी खुर्चीत असल्याच पाहिजेत. ५८ वर्षांच्या बाईंनी ६८ किलो उचलायचे नाहीत! पलंग आणि खुर्चीची बैठक एकाच उंचीवर आणा, ४८-५० सेंमी, मधे गुळगुळीत फळी टाका, तो हातांच्या जोरावर स्वतः सरकतो. हे जाण्याआधी महिनाभर इथेच शिकून घ्या. दंडाच्या मागच्या स्नायूंचे व्यायामही आत्ताच सुरू करा.

झेंडूचं_फूल

माझ्या ओळखीत कोणी करून घेतलेलं नाही, फक्त एक शंका. एवढं सगळं दोन्ही पायांना एकाच दिवशी का करतात? एकेक केलं तर?

हाडांचा_हिशोब

एकेक केलं तर मधे काही महिने एक पाय ६ सेंमी लांब आणि एक आखूड, आणि मुक्काम दुप्पट. म्हणून एकदम करतात. पण त्याची किंमत आहे. मांडीच्या हाडाच्या पोकळीत नेल बसवण्यासाठी ती कोरावी लागते, तेव्हा मज्जेतली चरबी दाबाने रक्तात जाऊ शकते. दोन्ही मांड्या एका दिवशी म्हणजे तो धोका दोनदा, एकापाठोपाठ. कोरण्याआधी हाडाला भोकं पाडून दाब सोडतात का, हे सर्जनला विचारा. हाच प्रश्न विचारला की समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते कळतं. काही ठिकाणी दोन पायांत काही दिवसांचं अंतर ठेवतात.

चरबीचा त्रास साधारण पहिल्या २४ ते ७२ तासांत दिसतो: धाप, गोंधळल्यासारखं बोलणं, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके. तोवर तो हॉस्पिटलमध्ये असेल. पण रक्ताची गुठळी आठवड्यांनंतरही होऊ शकते, तेव्हा तो फ्लॅटवर असेल. एका पोटरीला जास्त सूज, दाबल्यावर दुखणं, किंवा अचानक धाप आणि छातीत टोचणं. तिथला आपत्कालीन नंबर ११२. एजंटच्या व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून उत्तराची वाट बघत बसायचं नाही.

मेडिकलवाला_काका

औषधांचं मी सांगतो.

रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, एनॉक्सापॅरिन, बहुधा ४० मिग्रॅ रोज. पोटावर, बेंबीपासून चार बोटं दूर, कातडीची चिमूट धरून सुई सरळ आत. आधीच भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, तो औषध पूर्ण आत ढकलण्यासाठीच असतो. नंतर चोळायचं नाही, निळं पडतं. एक दिवस डावी बाजू, एक दिवस उजवी. किती दिवस ते सर्जन ठरवेल, आपल्या मनाने बंद नाही.

वेदनाशामकं: बहुतेक सर्जन आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधं टाळतात, कारण नवं हाड धरायला ती आड येऊ शकतात, आणि वरच्या इंजेक्शनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. आता गंमत अशी की तुर्कस्तानात औषधांच्या दुकानात जाऊन "दुखतंय" म्हटलं की हमखास हातात पडतात ती आर्वेलेस, मजेझिक, अप्रानाक्स. तिन्ही त्याच जातीची. पॅरासिटामॉल तिथे पॅरोल नावाने मिळतं, ५०० मिग्रॅ. दिवसाला आठ गोळ्यांच्या वर कधीच नाही, आणि सर्दीच्या औषधातही तेच असतं हे लक्षात ठेवा.

ट्रॅमाडॉलसारख्या जास्त जोरकस वेदनाशामक गोळ्यांना तिथे वेगळी नियंत्रित चिठ्ठी लागते. परतताना दुबई-अबुधाबीमार्गे तिकीट काढू नका, किंवा त्या गोळ्या सोबत ठेवू नका. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉलचे नियम फार कडक आहेत, आधी परवानगी लागते. टर्किश एअरलाइन्सचं मुंबईला थेट विमान आहे, साडेसहा-सात तासांचं.

दुकानाला तिथे एज्झाने म्हणतात, लाल 'ई'ची पाटी. रविवारी बंद असतात, पण प्रत्येक भागात पाळीने एक उघडं असतं, त्याला नोबेतची एज्झाने. बंद दुकानाच्या काचेवर त्या दिवशीच्या उघड्या दुकानाचा पत्ता लावलेला असतो.

बोरूबहाद्दर

आई रोज पोराला पॅरोलवर सोडणार तर.

मेडिकलवाला_काका

आणि इसबगोल न्या, सीलबंद. ट्रॅमाडॉलवर पोट साफ होत नाही, आणि त्या अवस्थेत कमोडवर बसून जोर करणं ही वेगळीच शस्त्रक्रिया आहे. नाहीतर मालत्याचे सुके जर्दाळू रात्री भिजवून. तिकडे ते मुबलक.

खवय्यी_इझमीर

खाण्यात ताईंना अडचण येणार नाही. सुझमे योउर्त म्हणजे चक्काच. लोर नावाचं चीज बिनमिठाचं, मऊ, चुरलेल्या पनीरसारखं, त्याची भुर्जी होते. पांढरं बेयाझ पेयनीर खारट, पाण्यात भिजवून घ्या. लाल मसूर, छोले, पांढरा राजमा सगळीकडे. बुल्गुर म्हणजे जाडसर दलिया. मेर्जिमेक सूप बाहेर घेताना "एतसिझ?" म्हणून विचारा, म्हणजे बिनमांसाचं. तरी त्यात मांसाचा रस्सा घातलेला असू शकतो, शुद्ध शाकाहारी असाल तर घरीच करा. हळद-हिंग मात्र इथूनच न्या. बाथरूमची काळजी नको, तिथल्या कमोडला पाण्याची तोटी आतच बसवलेली असते.

हाडांचा_हिशोब

खाण्यावरून आठवलं. जाण्याआधी ड जीवनसत्त्व तपासा. आपल्याकडे निम्म्या तरुणांचं कमी निघतं. ते ३० नॅनोग्रॅमच्या वर आणूनच निघा. प्रथिनं किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे याला दिवसाला १०० ग्रॅम. नुसत्या वरणभाताने होणार नाही, अंडी किंवा प्रोटीन पावडर लागेल. आणि सिगारेट? ओढत असेल तर किमान दीड महिना आधी बंद, हुक्कासुद्धा. इस्तंबुलात हुक्का पावलोपावली आहे.

केळीचा_घड

सिगारेटचं ताईला माहीत नाही. (भाचा हा धागा वाचतोय, म्हणून लिहिलं.)

आज एजंटने दुसरा पर्याय दिला: बाहेरून रिंग आणि आत साधी नेल. बराच स्वस्त. त्यात काय फरक?

लोखंडी_पहाट

त्याला लॉन म्हणतात. बाहेरची रिंग ताणायचं काम करते, आतली नेल रूळासारखी दिशा धरते. लांबी पूर्ण झाली की दुसरं ऑपरेशन: नेलला खालचे स्क्रू घालून कुलूप लावतात आणि रिंग काढतात. म्हणजे यात २१ दिवसांचा प्रश्नच संपला. ते दुसरं ऑपरेशन होईपर्यंत तिथून हलायचंच नाही.

रॉडचा आटा १ मिमीचा, म्हणजे नट पूर्ण एक फेरा फिरवला की १ मिमी, पाव फेरा ०.२५. दहा नंबरचा पाना. प्रत्येक नटाच्या एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या, सगळे रॉड एकाच वेळी, सारखेच फिरवा. एक विसरला तर रिंग तिरकी होते आणि हाडही. फिरवून झाल्यावर मागचा लॉकनट घट्ट. वेळा ठरवून भिंतीवर तक्ता, प्रत्येक वेळी खूण. "मघाशी फिरवला का रे?" हा प्रश्न घरात निघाला की समजा तक्ता नाही.

मांडीवर रिंग म्हणजे पाय मिटून बसता-झोपता येत नाही, आणि रिंग हाडाला धरून ठेवणाऱ्या पिनांभोवती मांस जाड असल्याने स्राव जास्त. पिनांचा संसर्ग हाडातल्या नेलपर्यंत गेला तर प्रकरण फार वाढतं. मांडीसाठी स्वस्तात मस्त काही नाही.

फिजिओ_सातारा

पिन साफ करायला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, रोज, गॉझ गुंडाळून हलका दाब.

लोखंडी_पहाट

रोज? कोरड्या, शांत पिनेला आठवड्यातून एकदा पुरतं. रोज खपली उचकटली की उलट चिघळते. वाहणाऱ्या पिनेला मात्र रोज.

फिजिओ_सातारा

ज्या घरात धूळ आणि घाम आहे तिथे मी रोजच म्हणेन. पण खपली उचकटायची नाही हे मान्य. लाली, पू, आणि चालताना त्याच पिनेत दुखणं, या तिन्हींतलं काहीही दिसलं की फोटो काढून त्याच दिवशी दाखवा.

उन्हाळी_कोकण

मांडीऐवजी नडगी का नाही लांबवत? फोटोत प्रमाण बरं दिसतं म्हणतात.

हाडांचा_हिशोब

नडगीला रक्तपुरवठा कमी, हाड हळू धरतं, म्हणून वेगही बहुधा पाऊण मिमी. ५ सेंमीच्या वर जाऊ नये. पोटरी आणि टाचेची शीर आखडून पाऊल घोड्याच्या खुरासारखं खाली टेकतं, रात्री पाऊल ९० अंशांत धरणारी स्प्लिंट अनिवार्य. शेजारचं बारीक हाडही कापून दोन्ही टोकांना स्क्रूने बांधावं लागतं, नाहीतर घोटा बिघडतो.

नसेचा धोका मांडीतही आहेच. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या, चादर लागली तरी झोंबणं ही पहिली खूण. त्यानंतर अंगठा वर उचलता येत नाही. अंगठा उचलता येईना म्हणजे लांबवणं तिथल्या तिथे बंद आणि त्याच दिवशी सर्जन. रोज सकाळी दोन्ही अंगठे वर-खाली, दहा वेळा. दात घासण्यासारखं.

व्हिसा_वाघोली

कागदपत्रांकडे कोणी आलंच नाही.

ई-व्हिसा भारतीयांना फक्त तेव्हा, जेव्हा अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा वा निवास परवाना असेल. तोही ३० दिवसांचा, एकदाच प्रवेश. नसेल तर स्टिकर व्हिसा. ८० दिवस राहायचं तर रुग्ण आणि सोबतचा माणूस दोघांनाही हॉस्पिटलचं पत्र, त्यात उपचाराचा कालावधी लिहिलेला हवा. सोबतच्या माणसाला तिथे रेफाकातची म्हणतात, तो शब्द पत्रात असू द्या. व्हिसाचे दिवस पुरणार नसतील तर ते संपण्याआधी अल्पकालीन निवास परवान्याचा अर्ज ई-इकामेत या सरकारी संकेतस्थळावर. मुदत उलटली तर दंड होतो आणि पुढच्या प्रवेशाला बंदीही येऊ शकते, आणि नेल काढायला पुन्हा जायचंय हे विसरू नका.

घराबद्दल: २०२४ पासून १०० दिवसांपर्यंत पर्यटकाला भाड्याने द्यायच्या घराला तिथल्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो, दाराजवळ पाटी असते. बिनपाटीचं स्वस्त घर घेतलंत आणि शेजाऱ्याने तक्रार केली, तर ऐन सातव्या आठवड्यात सामान उचलावं लागेल.

विमा: आपल्या आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असते, विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरीव यादीत ते आठवं कलम. गुंतागुंतीचा खर्चही त्याच नावाखाली नाकारतात. प्रवास विमाही ठरवून केलेल्या उपचाराला नाही. म्हणजे बिघडलं तर सगळं खिशातून. तेवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय निघू नये.

अकोलेकर_भाऊ

बाप्पा! पाय लांबवता लांबवता खिसा आखूड होऊन जाते.

केळीचा_घड

सगळ्यांचे आभार. आता परत मूळ प्रश्नावर. एजंट म्हणतो ८० दिवसांचं पॅकेज करून देतो, पैसे वाढतील. त्याच्याकडून लेखी काय काय मागू? आणि ८० दिवसांनंतर इथे कोणी बघणार का?

हाडांचा_हिशोब

लेखी: नेलचं मॉडेल, जाडी, कमाल लांबी. कोण सर्जन कापणार, त्याचं नाव. फिजिओचे तास, मिनिटांत. एक्स-रे किती. हाड न धरल्यास ग्राफ्ट (दुसरीकडचं हाड आणून बसवणं), स्नायू सैल करण्याची शस्त्रक्रिया, नेल अडकली तर बदलणं, आणि साधारण वर्षभराने नेल काढणं, यांतलं काय पैशात धरलंय आणि काय नाही. रुग्णालय आणि दलाल दोघांनाही तुर्की आरोग्य मंत्रालयाचं आंतरराष्ट्रीय आरोग्य पर्यटनाचं प्रमाणपत्र लागतं, दोघांचंही मागा.

इथे बघणारा आधी शोधा, मग तिकीट काढा. परक्याने टाकलेली नेल हाती घ्यायला इथले सर्जन नाखूश असतात आणि त्यांचं चुकत नाही, ती काढायची हत्यारंही वेगळी असतात. म्हणून येताना ऑपरेशनचा इंग्रजी वृत्तांत, नेलचं छापील स्टिकर लॉट नंबरसकट, आणि सगळे एक्स-रे मूळ डिजिटल फाइलमध्ये पेनड्राइव्हवर. फोनने काढलेल्या एक्स-रेच्या फोटोवरून मिलिमीटर मोजता येत नाहीत. इथे आल्यावर महिन्याला एक एक्स-रे, पुढून आणि बाजूने. दोन्हींत मिळून हाडाच्या चार भिंती दिसतात. चारपैकी तीन भरल्या की पूर्ण वजन, ते सर्जन सांगेल तेव्हा. ६.५ सेंमीला ऑपरेशनपासून पाच-सहा महिने सहज जातात, जास्तही. नेल आत असेपर्यंत एमआरआय नाही, हे पाकिटात चिठ्ठी करून ठेवा.

फिजिओ_सातारा

विमान: ८० व्या दिवशी गुडघा ९० अंश वाकत असेलच असं नाही, आणि साध्या सीटला तेवढा लागतो. आपत्कालीन दाराजवळची ऐसपैस सीट अशा प्रवाशाला देत नाहीत. भिंतीसमोरची पहिली ओळ मागा, नाहीतर पैसे साठवून आडवं होता येणारी सीट. व्हीलचेअर ४८ तास आधी नोंदवा, आणि "पायऱ्या चढता येत नाहीत, सीटपर्यंत न्यावं लागेल" हे स्पष्ट सांगा. नुसतं व्हीलचेअर म्हटलं तर विमानाच्या दारात सोडून देतात.

खवय्यी_इझमीर

घर निवडताना इस्तंबुलचे चढ विसरू नका. नकाशात ४०० मीटर दिसतं ते खुर्ची ढकलताना पर्वती वाटतं. बाकिरकॉय, अताकॉय हा समुद्राकडचा भाग त्यातल्या त्यात सपाट. इमारत २००० नंतरची, मजला पहिला-दुसरा. २३ एप्रिल २०२५ ला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला होता, अशा वेळी लिफ्ट वापरता येत नाही. आणि लिफ्टच्या दाराचं माप घरमालकाकडून टेप लावलेल्या फोटोसकट मागवा. जुन्या लिफ्टा फार अरुंद.

केळीचा_घड

मागवलं. दार ५९ सेंमी. फिजिओताई, व्हीलचेअर दुमडून नेता येईल का?

फिजिओ_सातारा

खुर्ची दुमडेल हो, पण तो तिच्यात बसलेला असेल ना. साधी खुर्ची ६२ ते ६६ सेंमी असते. दुसरं घर बघा.